हृदयविकाराचा वारसा आणि म्हातारपणी हातापायांत उरणारी ताकद

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आजोबा ५२व्या वर्षी शेतातच छातीत कळ येऊन गेले. वडिलांना ५३व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि नागपूरला नेऊन स्टेंट बसवावा लागला. आज ७४व्या वर्षी त्यांना खाटेवरून उठताना आधार लागतो आणि घरापासून पारापर्यंत गेले तरी मध्ये एकदा थांबावे लागते. शिक्षक स्वतः ४४ वर्षांचे आहेत, मुलगी १९ वर्षांची आहे. हृदयाचा आजार आणि हातापायांतील कमजोरी एकाच रक्तातून येते का, आणि त्यासाठी जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या प्रश्नात दोन वेगळी माणसे आहेत आणि उत्तरही दोघांसाठी वेगळे आहे, हे आधीच सांगतो. हृदयाचा आजार आणि वृद्धापकाळातील कार्यक्षमता यांच्यात आनुवंशिक नाते आहे, यात शंका नाही. परंतु त्या नात्याचे ज्ञान आपल्याला आणि आपल्या मुलीला जितके उपयोगी पडेल, तितके ते आपल्या वडिलांना पडणार नाही. वडिलांच्या कमजोरीमागे जी कारणे सापडण्याची शक्यता जास्त आहे, त्यांपैकी बहुतेक साध्या तपासणीत दिसतात आणि त्यांवर उपाय करता येतो. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात इतकी वर्षे रुग्ण पाहताना मला सर्वांत जास्त नुकसान “आमच्या खानदानातच आहे” या वाक्याने झालेले दिसले आहे, कारण ते उच्चारले की घरातील सगळे जण शोध घेणे थांबवतात.

प्रथम कार्यक्षमता म्हणजे नेमके काय मोजायचे, ते ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या वार्धक्यविषयक अहवालात निरोगी म्हातारपणाची व्याख्या आजारांच्या यादीवरून न करता माणसाला स्वतःची कामे किती करता येतात यावरून केली. त्यात शरीर-मनाची आतली क्षमता आणि भोवतालची परिस्थिती, हे दोन्ही मोजले जाते. दवाखान्यात आम्ही चालण्याचा वेग, हाताच्या पकडीची ताकद आणि हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला लागणारा वेळ पाहतो. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असणे, चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी असणे, किंवा पाच उठाबशांना १२ सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागणे, ही स्नायूंच्या कमजोरीची खूण मानतात. या मोजमापांचा हृदयाशी संबंध किती जवळचा आहे, हे भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवले. पकडीची ताकद दर ५ किलोने कमी होत गेली, तसा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढत गेला.

संबंध आहे, एवढ्यावरून तो जनुकांमुळेच आहे असे मात्र ठरत नाही. एका घरात जनुकांबरोबर चूल, तेलाचा डबा, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी आणि कर्जही वाटून घेतले जाते. म्हणून संशोधक जुळ्यांचा आधार घेतात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात आणि द्विबीज जुळ्यांची साधारण निम्मी, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या जोड्यांतील साम्याची तुलना केली की वारशाचा वाटा किती, याचा अंदाज येतो. अशा अभ्यासांतून पकडीच्या ताकदीतील माणसामाणसांतला फरक साधारण निम्मा आनुवंशिक असल्याचे दिसते, तर वार्धक्यातील एकूण दुर्बलतेच्या निर्देशांकाचा ३० ते ४५ टक्के. आयुर्मानाच्या बाबतीत डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासाने वारशाचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास दाखवला होता आणि नंतरच्या काही विश्लेषणांनी तो त्याहूनही कमी ठरवला. हे आकडे लोकसमूहातील फरकांचे आहेत. आपल्या वडिलांची कमजोरी इतके टक्के रक्तातून आली, असा त्यांचा अर्थ काढता येत नाही.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्वीडनमधील जुळ्यांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. १८८६ ते १९२५ दरम्यान जन्मलेल्या २१ हजार जुळ्यांची त्यात दीर्घकाळ नोंद ठेवली होती. एकबीज जुळ्या भावांपैकी एक ५५ वर्षांच्या आत हृदयरोगाने गेला, तर दुसऱ्याचा तसाच मृत्यू होण्याचा धोका सुमारे ८ पट होता. द्विबीज भावांत तो ४ पटीच्या जरा खाली होता. पहिल्या भावाच्या मृत्यूचे वय जसजसे वाढत गेले, तसतसा हा वारशाचा जोर ओसरत गेला. पन्नाशीच्या आतबाहेर आलेल्या झटक्यात घराण्याचा हात ठळक दिसतो आणि सत्तरीपुढच्या आजारात तो आयुष्यभराच्या इतर गोष्टींत मिसळून जातो. आपल्या आजोबांचे ५२ आणि वडिलांचे ५३ हे आकडे म्हणून आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. वडिलांचे आजचे अडखळणे त्याच वजनाचा पुरावा ठरत नाही.

आता दुर्बलतेच्या जनुकांकडे येतो. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ आणि स्वीडनमधील जुळ्यांची नोंद मिळून सुमारे पावणेदोन लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांवरील १४ ठिकाणे वार्धक्यातील दुर्बलतेशी जोडलेली आढळली. त्यांतील बरीचशी ठिकाणे शरीराचे वजन, हृदयरोग, धूम्रपानाची प्रवृत्ती आणि नैराश्य यांच्याशी संबंधित म्हणून आधीच ओळखीची होती. याचा अर्थ असा की म्हातारपणी माणसाला खाटेवर आणणारी वेगळी अशी जनुके फारशी हाती लागत नाहीत. तीच रक्तदाब-चरबी-साखरेची वाट पुढे पायांपर्यंत येते. सर्व सामान्य जनुकीय फरक एकत्र धरूनही त्या अभ्यासात दुर्बलतेतील जेमतेम ११ टक्के फरकाचा उलगडा झाला. एक सावधगिरीही येथे हवी. दुर्बलतेचा हा निर्देशांक लोकांनी स्वतः सांगितलेल्या तक्रारी आणि आजारांची बेरीज करून काढतात आणि त्या यादीत हृदयाचे आजारही असतात. तेव्हा दोन्हींची जनुके काही प्रमाणात सारखी निघाली, यात मोजण्याच्या पद्धतीचाही थोडा हात आहे.

ही वाट शरीरात कशी चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एक भाग २००७ मध्ये हृदयाच्या धमन्यांच्या आजाराशी जोडला गेला. तो कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब न वाढवताही धोका वाढवतो, म्हणजे दोष बहुधा धमनीच्या भिंतीतच असावा. धमन्या हृदयापुरत्या नसतात. पायांच्या धमन्या अरुंद झाल्या की ठरावीक अंतर चालल्यावर पिंढऱ्यांत गोळे येतात आणि थांबले की कमी होतात. मेंदूतील बारीक वाहिन्या खराब झाल्या की पाऊल आखूड पडते, वळताना तोल जातो, आणि माणूस म्हणतो, “वय झालं”. हृदयाचे पंपिंग कमी झाले की स्नायूंना रक्त कमी मिळते, दम लागतो म्हणून माणूस चालणे टाळतो आणि चालणे टाळल्याने स्नायू आणखी झिजतात. आरंभी जनुकांनी दिलेला धक्का लहानच असतो, पण त्यानंतरची घसरण अशी स्वतःलाच खतपाणी घालत जाते.

लायपोप्रोटीन-ए नावाच्या कणाचे उदाहरण मला आपल्या घरासाठी सर्वांत उपयुक्त वाटते. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या या कणाचे रक्तातील प्रमाण जवळजवळ सर्वस्वी एकाच जनुकावर ठरते. आहाराने किंवा चालण्याने ते फारसे हलत नाही आणि दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने जास्त आढळते. प्रमाण दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेले की धमन्यांत चरबीचे थर साचण्याचा धोका वाढतो. तेच कण हृदयाच्या महाधमनीच्या झडपेत चुना साचवण्यासही हातभार लावतात, हे २०१३ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आले. झडप आकसलेला म्हातारा माणूस कसा दिसतो? चालताना दम लागतो, चढण चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हळूहळू तो अंगणापुरता उरतो, आणि घरचे म्हणतात की पायांत जीव राहिला नाही. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर ऐकू येणारा खरखरीत आवाज आणि एक इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, यांतून हे निदान होते. झडप आता अनेकांत मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालूनही बदलता येते. एकच जनुक ५३व्या वर्षी झटका देऊ शकतो आणि ७४व्या वर्षी पायऱ्या बंद करू शकतो, आणि तरीही दुसऱ्या टप्प्यावर उपाय उरतो. वडिलांची इको शेवटची कधी झाली, हे आपण लिहिलेले नाही. स्टेंटनंतर ती पुन्हा झालीच नसेल, तर सुरुवात तेथून करावी.

याहून थेट, पण दुर्मीळ असे नाते स्नायूंच्या घटकांतच असते. हृदय आणि मांडी या दोन्ही ठिकाणचे स्नायू काही सामायिक प्रथिनांनी बांधलेले असतात. टायटिन हे त्यांतील सर्वांत मोठे. त्याच्या जनुकातील खंडित करणारे बदल, हृदय फुगून त्याचे पंपिंग कमी होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या सुमारे पाव कुटुंबांत सापडले, असे २०१२ च्या अभ्यासात दिसून आले. लॅमिन नावाच्या प्रथिनातील दोषात हातापायांची कमजोरी आणि हृदयाच्या विद्युतप्रवाहातील अडथळा एकत्र येऊ शकतात. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायूविकारात घट्ट धरलेली मूठ लवकर सुटत नाही आणि तरुण वयात पेसमेकर लागू शकतो. घरात कमी वयात पेसमेकर बसलेले, झोपेत अचानक गेलेले, किंवा चाळिशीतच उठता-बसता न येणारे कोणी असेल, तर जनुकीय तपासणीला खरा अर्थ आहे आणि ती टाळू नये. आपल्या वर्णनात मला तसे काही दिसत नाही.

दक्षिण आशियाचा विशेष उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हृदयाच्या स्नायूतील मायोसिन-बंधक प्रथिनाच्या जनुकात डीएनएची २५ अक्षरे गळालेली असणे, हा बदल आपल्या उपखंडात शंभरातील सुमारे चौघांत आढळतो. २००९ मध्ये तो हृदय निकामी होण्याच्या मोठ्या धोक्याशी जोडला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांतही त्याची चर्चा झाली. पुढील अभ्यासांनी चित्र बदलले. ती गळती एकटी असेल तर ती बहुधा निरुपद्रवी ठरते आणि खरा धोका तिच्या सोबत, काही मोजक्या लोकांत, वारशाने येणाऱ्या दुसऱ्या बदलात आहे. एखाद्या खासगी प्रयोगशाळेने त्या एका अहवालावरून घाबरवले, तर घाबरू नये.

विदर्भात या विषयावर बोलताना सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार वगळून चालणार नाही, कारण हृदय आणि हालचाल या दोन्हींवर एकाच वेळी घाला घालणारा जनुक आपल्या गावांत खरोखर आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ अशा जिल्ह्यांतील काही आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत वाहकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही पुढे जाते. आई-वडील दोघांकडून दोष आलेल्या, म्हणजे ‘एसएस’ अहवाल असलेल्या माणसाचे हृदय जन्मभर रक्तक्षयाशी झुंजत मोठे होते. फुप्फुसांच्या धमन्यांतील दाब वाढू शकतो. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा निकामी होतो, तो पुष्कळदा विशी-तिशीतच. भारतातील प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकून राहत असल्याने अनेकांचा आजार तुलनेने सौम्य राहतो, आणि म्हणून पन्नाशी-साठीतील सिकलसेल रुग्णही आता भेटतात. अशा माणसाला दम लागला तर तो वयाचा किंवा रक्त कमी असल्याचा म्हणून सोडून न देता इको करून घ्यावी.

एकाच पालकाकडून दोष आलेला ‘एएस’ वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो आणि त्याला हृदयरोगी समजणे चूक आहे. मात्र वाहकांत मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराचा धोका काहीसा जास्त असल्याचे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या अभ्यासांत आढळले आहे. शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी वाहकांत प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. मधुमेह ‘नियंत्रणात’ वाटावा आणि त्याच वेळी पायांच्या नसा आणि धमन्या झिजत राहाव्यात, असे यातून घडू शकते. ज्या घरात सिकलसेल आहे, तेथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहावी, असा माझा आग्रह असतो.

जनुकांचे सगळेच बदल आई-वडिलांकडून येत नाहीत, हेही नोंदवून ठेवावे. वाढत्या वयात अस्थिमज्जेतील एखाद्या रक्तपेशीत नवा बदल घडतो आणि तिची पिलावळ वाढत जाते. सत्तरीपुढच्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांत असे बदल सापडतात. अशा लोकांत हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट असल्याचे २०१७ मध्ये दिसले, बहुधा या पेशी शरीरातील दाह वाढवत असल्यामुळे. हा वारसा नाही आणि तो मुलांकडे जात नाही. गावपातळीवर आज त्याची तपासणी करण्यात अर्थही नाही.

मग जनुकीय तपासणीचे पाकीट मागवावे का? माझे उत्तर आपल्यासाठी आणि वडिलांसाठी तूर्त नकारार्थी आहे. हजारो बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून ‘धोक्याचा गुण’ देणाऱ्या चाचण्या ज्या अभ्यासांवर उभ्या आहेत, त्यांत भाग घेतलेल्यांपैकी २०१८ पर्यंत सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. तो गुण आपल्याकडे तितक्याच अचूकपणे लागू पडत नाही. भारतात दहा हजार लोकांच्या जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. त्यातून पुढे आपल्यासाठीचे गुण तयार होतील, पण आज हाती पडणाऱ्या अहवालासाठी हजारो रुपये मोजण्याऐवजी त्या पैशांत वडिलांची इको आणि आपल्या रक्ताच्या चाचण्या होतात.

आपण मात्र पुढील तपासण्या याच महिन्यात करून घ्याव्यात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी, आणि आयुष्यात एकदाच करावी लागणारी लायपोप्रोटीन-ए. शेवटची चाचणी तालुक्याला बहुधा होत नाही, परंतु नमुना नागपूर किंवा अमरावतीला पाठवणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. वाईट कोलेस्टेरॉल १९० किंवा त्याहून जास्त निघाले, तर तो नुसता आहाराचा परिणाम न समजता घराण्यातील कोलेस्टेरॉलचा दोष असण्याची शक्यता धरावी. टाचेमागच्या शिरेवर किंवा हाताच्या बोटांच्या सांध्यांवर गाठी असतील, तर ती शक्यता आणखी वाढते. हा दोष असेल तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि तेव्हा भाऊ, बहिणी, मुले अशी ओळीने सर्वांचीच तपासणी करावी लागते. तसे न निघाले तरी दोन पिढ्यांतील लवकरचे झटके पाहता आपल्यासाठी औषधाचा निर्णय इतरांपेक्षा लवकर घ्यावा लागेल.

या वारशापुढे राहणीला किती मोल आहे, याचे उत्तर २०१६ मध्ये ५५ हजारांवर लोकांच्या नोंदींतून मिळाले. ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि बरा आहार यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांत हृदयरोग जवळपास निम्म्याने कमी आढळला. आपल्याकडे या यादीत पहिले नाव खर्ऱ्याचे घालावे लागेल. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पन्नी धूर सोडत नाही, म्हणून तिला धूम्रपानात कोणी धरत नाही, आणि शिक्षकांच्या खोलीतही ती निवांत फिरते. तंबाखू कोणत्याही वाटेने आत गेला, तरी धमन्यांचे नुकसान करतोच. रक्तदाबाविषयी तर आपल्या भागातूनच पुरावा आहे. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत केलेल्या नोंदीत लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. १४.३ टक्के मृत्यू त्याने झाले होते. लकव्यातून जे वाचतात त्यांचे चालणे, जेवणे आणि बोलणे हिरावले जाते. कार्यक्षमतेवर याहून मोठा घाला नाही आणि त्याचे मुख्य कारण असलेला वाढलेला रक्तदाब उपकेंद्रातही मोजून मिळतो.

आता वडिलांविषयी. त्यांचा रक्तदाब आधी बसून आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर अडखळण्याचे एक कारण तेथेच सापडले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांत हे फार दिसते, आणि गोळीची मात्रा उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून बदलावी लागते. ईसीजीमध्ये ठोके अनियमित आहेत का, पायाच्या पंजावरची नाडी लागते का, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कसे आहे, गुडघे आणि डोळे कसे आहेत, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा कमजोरीची दोन-तीन नावे कागदावर येतात.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी आपण काही लिहिले नाही, पण ती बंद केली असेल अशी मला शंका आहे, कारण “गोळीने पाय दुखतात” म्हणून ती बंद करणारे रुग्ण आठवड्याला भेटतात. येथेही जनुकाचा थोडा संबंध आहे. यकृतात स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, ओढून घेणाऱ्या एका वाहक प्रथिनाच्या जनुकातील बदलामुळे सिम्वास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅमच्या मोठ्या मात्रेवर स्नायूंचा आजार कित्येक पटींनी वाढतो, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. ती मात्रा आता कोणी सुरू करत नाही. नेहमीच्या औषधांवर होणाऱ्या दुखण्याचे काय, हे २०२० च्या एका प्रयोगात तपासले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या लोकांना काही महिने खरी, काही महिने खोटी गोळी दिली, तेव्हा खऱ्या गोळीवरील त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही तितकाच जाणवला. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नये. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व पाहावे, गरज पडल्यास औषध बदलून घ्यावे.

राहिला प्रश्न ताकदीचा, आणि येथे मला आपल्या घरांतील एका प्रेमळ सवयीविरुद्ध बोलावे लागते. स्टेंट बसला की मुले म्हणतात, “बाबा, आता वावरात जायचं नाही, आराम करा.” ज्या माणसाने चाळीस वर्षे डवरणी-निंदणीत आणि कापसाची ओझी उचलण्यात घालवली, तो एकदम ओसरीवर बसतो. दहा दिवस अंथरुणावर ठेवलेल्या निरोगी वृद्धांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू कमी झाल्याचे २००७ मध्ये मोजले गेले होते. आपल्या वडिलांचा ‘आराम’ एकवीस वर्षांचा आहे. झिजलेले स्नायू या वयातही काही प्रमाणात परत मिळतात, याचा भक्कम पुरावा म्हणजे अमेरिकेतील ‘लाइफ’ चाचणी. ७० ते ८९ वयाच्या, बैठे आयुष्य असलेल्या १,६३५ लोकांपैकी निम्म्यांना चालणे, पायांची ताकद आणि तोल यांचा ठरवून व्यायाम दिला, आणि सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात १८ टक्क्यांनी कमी राहिले.

इको आणि ईसीजी पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, भिंतीला टेकलेल्या पक्क्या खुर्चीवरून उठण्या-बसण्याने सुरुवात करावी. आधी हात टेकून, पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. दोन-तीन आठवड्यांत हातांचा आधार कमी करत जावा. दार किंवा ओट्याची कड धरून टाचा उचलणे आणि रोज पारापर्यंतची फेरी, मध्ये थांबून का होईना, एवढे पुरेसे आहे. छातीत दाब, भोवळ किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तेथेच थांबून दाखवून घ्यावे. जेवणात प्रथिने वाढवावी लागतात, कारण म्हाताऱ्या माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवी असतात आणि भाकर-आलनावर ती भरत नाहीत. दोन्ही वेळा घट्ट तुरीचे वरण, भिजवलेले किंवा भाजलेले चणे, दही, चालत असतील तर अंडी किंवा मासे द्यावेत. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी आहे तशी राहू द्यावी. लोणचे, पापड आणि तर्रीतले तेल-मीठ मात्र कमी करावे.

सुरुवात करण्यापूर्वी पाच उठाबशांना किती सेकंद लागतात, आणि चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला किती, हे मोबाइलच्या घड्याळावर मोजून वहीत लिहून ठेवावे. महिन्याने पुन्हा मोजावे. तीन महिने नेमाने करूनही आकडा जागचा हलला नाही, किंवा मधल्या काळात घसरला, तर स्नायू आणि नसांची पुढील तपासणी मेडिकल कॉलेजात करून घ्यावी. त्या टप्प्यावर एखाद्या विशिष्ट जनुकाची चाचणी न्यूरॉलॉजिस्ट सुचवतील, तर ती जरूर करावी.

मुलीसाठी सध्या एकदा कोलेस्टेरॉलची तपासणी पुरे. आपले लायपोप्रोटीन-ए जास्त निघाले, तर तिचेही तपासावे. सिकलसेलची नोंद घरात किंवा सासर-माहेरच्या नातेवाइकांत कोठेही असेल, आणि तिची तपासणी शाळेत असताना झाली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि ती सकारात्मक आल्यास एचपीएलसी ही पक्के निदान करणारी चाचणी लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी.